माटुंग्याचीं उपाहारगृहें

इतिहास म्हटला म्हणजे गड, तह आणि गादीवर बसलेले पुरुष यांकडेच आपली दृष्टि वळते. ज्या जागीं माणूस चार पैसे टाकून घटकाभर बसतो, परक्याच्या हातचें खातो आणि समोरच्या अनोळखी गृहस्थास 'जरा पाणी सरकवा' असें म्हणतो, त्या जागेचा इतिहास लिहावा असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, गेल्या दीडशें वर्षांत आपल्या समाजांत जें मोठें स्थित्यंतर झालें, त्याचा बराचसा भाग सभागृहांत नव्हे, तर संगमरवरी फळीच्या लहानशा मेजांशीं घडला. हें पडताळून पाहावें या हेतूनें गेल्या पावसाळ्यांत आम्ही चार-सहा रविवार मुंबईच्या माटुंगा भागांत पायीं हिंडलों.

माटुंगाच निवडण्याचें कारण असें कीं, बाजाराच्या गजबजाटांत खानावळ निघणें यांत नवल नाहीं. तेथें पोट हातावर घेऊन आलेल्यांची गर्दीच असते. परंतु माटुंगा ही घरंदाज माणसांची राहती वस्ती. रुंद रस्ते, दुतर्फा जुनीं झाडें, बेताच्या उंचीचीं घरें, सकाळीं फुलांच्या हारांचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास. घरांत चूल पेटलेली असतांना शेजारच्याच कोपऱ्यावर माणसें खाण्यासाठीं कां जमूं लागलीं, हा प्रश्न येथें स्पष्टपणें विचारतां येतो. शिवाय या रस्त्यांचीं नांवें पाहावीं: भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, चंदावरकर. ज्या विद्वानांनीं गेल्या पिढ्यांत आपणांस विचार करावयास लावलें, त्यांच्या नांवाच्या पाट्यांखालीं आज इडलीची वाफ निघत आहे. हा योगायोग खरा. पण तो अर्थशून्य नाहीं.

भाऊ दाजींच्या हयातींतील एक गोष्ट आठवावी. १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा स्थापन झाली. तिच्या सभासदांनीं करावयाचें बंड काय, तर ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावयाचा! एवढें कृत्य त्यांस गुप्तपणें, दारें लावून करावें लागे; आणि १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी चोरीस जातांच लोकापवादाच्या भीतीनें सभाच मोडली. पुढें १८९० सालीं पुण्यांत पंच हौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर जमलेल्या प्रतिष्ठितांपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी पेला ओठांस लावला, कोणी शिष्टाचारापुरता हातांत घेतला. नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालीं, ग्रामण्य उभें राहिलें आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. रानडे आणि टिळक यांच्यासारख्या, एरवीं परस्परांशीं न पटणाऱ्या पुरुषांना एकाच पेल्यानें एका ओळींत आणून बसविलें, आणि दोघांनाही प्रायश्चित्ताचा विषय टाळतां आला नाहीं. एका पेल्याची ही किंमत ज्यानें लक्षांत घेतली नाहीं, त्याला कोपऱ्यावरील हॉटेलाचें महत्त्व कळणार नाहीं.

आतां माटुंग्याकडे वळूं. ही वस्ती मूळ रोगाच्या भयांतून जन्मली. १८९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत ग्रंथिज्वर प्रकट झाला आणि दाट, अंधाऱ्या चाळींतून माणसें भराभर मरूं लागलीं. शहरास हवा व प्रकाश मिळावा म्हणून १८९८ सालच्या कायद्यानें 'सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' नेमण्यांत आला. त्यानें दक्षिणेकडील गल्ल्या फोडून रस्ते काढले आणि उत्तरेस दादर, माटुंगा, शीव येथील शेतें व वाड्या घेऊन नवी वस्ती आंखली. भूमि संपादून रस्ते व तुकडे पाडण्यास फार वर्षें गेलीं. घरें खरीं उभीं राहिलीं तीं १९२० नंतर. दोन इमारतींमध्यें मोकळी जागा हवी, मजल्यांस मर्यादा हवी, मधून मधून बगीचे हवेत, अशी ती योजना होती. १९३३ सालीं ट्रस्टचें काम नगरपालिकेंत विलीन झालें. पण आज आपण जिच्या सावलींतून चालतों ती झाडी त्या आंखणीचीच पुण्याई आहे.

या नव्या घरांत राहावयास आले कोण? दादरच्या बाजूस पारशी आणि महाराष्ट्रीय कुटुंबें आलीं. माटुंग्यास गुजराती व कच्छी व्यापारी आले. आणि विशेषेंकरून मद्रास इलाख्यांतून, पालघाट-तंजावराकडून, इंग्रजी लघुलेखन आणि हिशेब यांत तरबेज असे तरुण कारकून आले. रेल्वेच्या व व्यापारी कोठ्यांच्या कचेऱ्यांत त्यांना मागणी होती. त्यांनीं १९२३ सालीं आस्तिक समाज स्थापिला, १९३२ सालीं दक्षिण भारतीय शिक्षण संस्था काढली. परंतु देऊळ आणि शाळा यांच्याही आधीं एकट्या तरुणास लागतें तें जेवण. आई दूर, लग्न व्हावयाचें आणि बिऱ्हाड चौघांत मिळून. सकाळीं साडेआठची गाडी गांठावयाची तर त्यापूर्वीं पोटांत कांहीं पडलेंच पाहिजे. उपाहारगृहाची पहिली वीट ही अशी गरजेनें घातली.

कोपरा प्रथम धरला तो इराण्यानें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं यझ्द व आसपासच्या प्रांतांतून आलेले हे लोक मुंबईभर चहाचीं दुकानें काढीत होते. हिंदु व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांस स्वस्त मिळाली, असें सांगण्याची रीति आहे. तें कितपत खरें हा वाद बाजूस ठेवला, तरी दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक एका दारांत येतें हें चतुर इराण्यास कोणी शिकवावयास नको होतें. पूर्वीं किंग्ज सर्कल आणि आतां माहेश्वरी उद्यान म्हणतात त्या वर्तुळावर १९३२ सालीं निघालेलें 'कूलर' हें याच वर्गांतील. वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, संगमरवरी मेजें, भिंतीवर आरसे, बरण्यांत बिस्किटें, गल्ल्यावर धनी; आणि पुढ्यांत पाणीकम चहा व मस्का लावलेला कडक ब्रून. एक पेला घेऊन तासभर वर्तमानपत्र वाचलें तरी 'उठा' म्हणून कोणी म्हणत नसे. ज्या पावासाठीं परमहंस सभा फुटली, तोच पाव येथें उघड्या दारांत, रस्त्याकडे तोंड करून लोक खाऊं लागले. आणि त्यासाठीं कोणास शपथ घ्यावी लागली नाहीं.

तरी सोवळ्यांतील माणूस इराण्याच्या पायरीशीं अडखळे. त्याचें भय घालविलें उडुप्यानें. उडुपी हें दक्षिण कानड्यांतील श्रीकृष्णाचें क्षेत्र. तेराव्या शतकांतील मध्वाचार्यांच्या परंपरेंतील आठ मठ तेथें पाळीपाळीनें, दोन दोन वर्षें, पूजेचा भार वाहतात. पूजेबरोबर अन्नदान आलें, आणि अन्नदानाबरोबर हजारोंचा स्वयंपाक शुचिर्भूतपणें उरकणाऱ्या आचाऱ्यांची विद्या आली. १९२३ च्या महापुरानें त्या किनाऱ्यावरील शेती बुडाली, तेव्हां ही विद्या पोटासाठीं बाहेर पडली. नांव उडुपीचें, तरी चालविणारे सर्व एका जातीचे नव्हते. शिवळ्ळी ब्राह्मण होते, मागाहून बंट आले, आणि कामत, नायक, पै अशा आडनांवांचे कोंकणी बोलणारे सारस्वतही होते, ज्यांचे पूर्वज गोमंतक सोडून कानड्यांत गेले होते. त्यांच्यापैकींच गोपाळ कामत यांनीं १९४० सालीं भाऊ दाजी रस्त्यावर 'कॅफे मद्रास' काढलें, आणि ए. रामा नायक यांनीं १९४२ सालीं माटुंगा स्थानकाशेजारीं 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' उघडून केळीच्या पानावर पोटभर जेवण वाढण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं मुंबईंत धान्याची मापबंदी सुरू झाली. युद्धाच्या त्या दिवसांत एकट्या माणसास वेळेवर मिळालेल्या भाताचें मोल काय असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत घ्यावयाची आहे. उडुपी हॉटेल चाललें तें जातीच्या बळावर. स्वयंपाकी ब्राह्मण आहे या खात्रीनेंच कर्मठ गृहस्थ घराबाहेर जेवावयास निघाला. परंतु एकदां तो बाहेर निघाला, आणि दार रस्त्यावर उघडें असलें, म्हणजे शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसेल हें त्याच्या हातीं राहत नाहीं. गर्दीच्या वेळीं वाढप्या कुळगोत्र विचारीत नाहीं. मोकळी खुर्ची पाहतो. ज्या सोवळ्यानें दार उघडलें, त्याच दारानें सोवळें निघून गेलें. आमच्या समाजसुधारकांनीं व्याख्यानें दिलीं तीं व्यर्थ होतीं असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं; परंतु व्याख्यान ऐकून माणूस घरीं जातो, आणि भूक त्याला रोज त्याच खुर्चीवर परत आणते.

मात्र हें आपोआप घडलें असें समजून स्वस्थ बसणें हा अन्याय होईल. याच वस्तीलगत, दादरच्या हिंदु कॉलनींत, १९३० नंतरच्या वर्षांत डॉ. आंबेडकरांनीं 'राजगृह' बांधलें. परदेशांतून विद्या संपादून आलेल्या या पुरुषास १९१७ सालीं बडोद्यांत उतरावयास जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेंतूनही त्यांना जमावानें बाहेर काढलें होतें. तेव्हां अनेक ठिकाणीं खुर्ची मोकळी असूनही ती सर्वांसाठीं मोकळी नव्हती. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें दुकानें आणि उपाहारगृहें यांत जन्मावरून कोणास अडवितां येणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें, आणि १९५५ च्या कायद्यानें तें मोडणारास शिक्षा सांगितली. तरीही १९५७ सालीं मद्रासेंत 'ब्राह्मण' हा शब्द हॉटेलाच्या पाटीवरून काढावा म्हणून पेरियारांच्या अनुयायांस महिनोन्महिने निदर्शनें करावीं लागलीं. सवय आणि कायदा यांनीं एकमेकांचा हात धरला, तेव्हांच तो उंबरा झिजला.

आणखी एक बाजू आहे, ती स्वयंपाकघराच्या मागची. मेजें पुसणारीं, पेले विसळणारीं पोरें दूरच्या कानडी खेड्यांतून आठव्या-दहाव्या वर्षीं येत, भट्टीशेजारीं निजत आणि त्यांतलीं हुषार रात्रीच्या कानडी शाळेंत जात. त्यांतून कांहीं पुढें धनी झाले, आणि त्यांच्या कथा आपण कौतुकानें सांगतों. जे पेलेच विसळीत म्हातारे झाले त्यांच्या कथा कोणी सांगत नाहीं. चौदा वर्षांखालील मुलांस हॉटेलांत राबविण्यास बंदी झाली ती २००६ सालीं. आमच्या बालपणीं गरम कॉफी पुढ्यांत ठेवणारा हात आमच्याच वयाचा असे, आणि तें आम्हांस खटकलें नाहीं, हें येथें नमूद करतांना आम्हांस संकोच वाटतो.

१९६६ नंतरच्या कांहीं वर्षांत मुंबईंत दाक्षिणात्यांविरुद्ध चळवळ उठली, आणि या हॉटेलांच्या कांचांवर दगड पडले. मराठी तरुणास नोकरी मिळत नाहीं हें दुःख खरें होतें. पण त्याचा राग इडलीवर निघाला. त्या वेळीं कोणी 'मानसोल्लास' उघडून पाहिला असता तर बरें झालें असतें. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचविलेल्या या संस्कृत ग्रंथांत 'इडरिका' आणि 'धोसक' यांचें वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथांत मराठीचे कांहीं जुने बोलही आहेत. म्हणजे परकी म्हणून जिला आपण दगड मारले, ती इडली आपल्या भाषेच्या बाळपणींच एकाच ग्रंथांत तिच्या शेजारीं बसलेली होती.

शेवटच्या रविवारीं पाऊस जोराचा होता. आम्ही ज्या उपाहारगृहांत शिरलों तेथें जागा नव्हती. एका चौकोनी मेजाशीं कपाळावर भस्म लावलेले एक वृद्ध गृहस्थ, एक गुजराती आई आणि तिची शाळकरी मुलगी बसलीं होतीं. चौथी खुर्ची वाढप्यानें आम्हांस दाखविली. कोणी कोणाचें नांव विचारलें नाहीं. वृद्धांनीं डबऱ्यांत कॉफी उंचावरून ओतून फेंस आणला, आणि मुलगी टक लावून पाहत आहे असें दिसतांच हंसून पुन्हां एकदां ओतून दाखविली. सांबाराची वाटी आमच्याकडे सरकवीत ती आई म्हणाली, "घ्या, गरम आहे." एवढेंच काय तें संभाषण झालें.

पंच हौदाच्या त्या पेल्यानें साऱ्या पुणें शहरास हालवून सोडलें होतें. येथील पेल्याकडे कोणाचें लक्षही गेलें नाहीं. आम्हांस वाटतें, यापरतें मोठें यश इतिहासांत फार थोड्या गोष्टींस लाभतें. परंतु जी गोष्ट कोणाच्या लक्षांत येत नाहीं, ती हातची गेली तरीही लक्षांत येत नाहीं. आज पुन्हां कोणीं काय खावें आणि कोणाशेजारीं बसावें याच्या पाट्या कोठें कोठें मनांत रंगूं लागल्या आहेत. त्या भिंतीवर येण्यापूर्वीं वाचकांनीं एखाद्या सकाळीं मुलांना घेऊन अशा एका मेजाशीं जाऊन बसावें, आणि चौथी खुर्ची मोकळी ठेवावी.