बायॉस व हार्ड डिस्कची क्षमतामर्यादा

संगणक सुरू होताच प्रथम कार्यान्वित होणाऱ्या, चिपमध्ये कायम साठविलेल्या आज्ञावलीस बायॉस म्हणतात. हार्ड डिस्कवरील स्थानाचा क्रमांक सांगण्यासाठी बायॉसमध्ये जेवढे बिट राखलेले असतात, त्यांच्या आवाक्यापलीकडचा डिस्कचा भाग तिला दिसत नाही. जुन्या संगणकांना मोठ्या डिस्क जोडताना ही अडचण वारंवार उद्‌भवली.

आयबीएम कंपनीच्या पीसी एक्सटी (१९८३) या संगणकातील डिस्कची क्षमता सु. १ कोटी बाइट होती. डिस्कवरील स्थान सिलिंडर, शीर्ष व खंड यांच्या क्रमांकांनी दर्शवीत. बायॉसने त्यांसाठी अनुक्रमे १०, ८ व ६ बिट राखले होते. खंड ५१२ बाइटांचा असल्याने ही मर्यादा सु. ८·४ अब्ज बाइट येते. पुढे रूढ झालेल्या आयडीई डिस्कच्या मांडणीत १६, ४ व ८ बिट होते. तिची मर्यादा १३६·९ अब्ज बाइट. दोन्ही मर्यादा त्या काळी प्रशस्तच होत्या. परंतु दोन्ही मांडण्या एकत्र आल्यावर प्रत्येक बाबतीत लहान असलेली संख्याच लागू पडे : १,०२४ सिलिंडर, १६ शीर्षे व ६३ खंड, म्हणजे अवघे ५२·८ कोटी बाइट. १९९४ च्या सुमारास बाजारातील डिस्क या संख्येपुढे गेल्या. दोष कोणा एका मांडणीचा नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

नव्या बायॉसमध्ये सिलिंडरांची संख्या कमी व शीर्षांची त्याच प्रमाणात जास्त दाखवून ही अडचण दूर करण्यात आली. ज्यांना बायॉस बदलणे शक्य नव्हते, ते डिस्कच्या आरंभी एक साहाय्यक आज्ञावली बसवीत. हा उपाय स्वस्त, पण जोखमीचा होता. फ्लॉपीवरून संगणक थेट सुरू केल्यास ती आज्ञावली वगळली जाई व डिस्क रिकामी वा बिघडलेली भासे. अशा वेळी ती नव्याने विभागणाऱ्याची सर्व माहिती हातची जाई. लिनक्स प्रणाली सुरू झाल्यावर बायॉसवर विसंबत नसे. तिचा गाभा मात्र पहिल्या १,०२४ सिलिंडरांत ठेवावा लागे.

८·४ अब्जांची मर्यादा ओलांडण्यासाठी तीन क्रमांकांऐवजी खंडांना सलग क्रमांक देण्याची पद्धत बायॉसमध्ये आली. डिस्कच्या मानकात या क्रमांकास २८ बिट असल्याने १३७·४ अब्जांची नवी मर्यादा निर्माण झाली. ती ओलांडल्यावर काही प्रणालींत क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होई आणि नवी माहिती डिस्कच्या आरंभीच्या माहितीवर लिहिली जाई. २००२ मधील एटीए-६ मानकाने ४८ बिटांचा क्रमांक स्वीकारला.