राखाइनचा वायू, डोंबिवलीची रिक्षा

ठाण्यात किंवा डोंबिवलीत सीएनजीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या रिक्षांना वायू पुरवते महानगर गॅस. या कंपनीची प्रवर्तक गेल, आणि गेल केंद्र सरकारची. म्यानमारच्या राखाइन किनाऱ्यासमोर श्वे नावाचे वायूक्षेत्र आहे; तिथे हीच गेल आणि तिच्यासारखीच सरकारी ओएनजीसी विदेश म्यानमारच्या सरकारी तेल कंपनीच्या जोडीने भागीदार आहेत. श्वेचा वायू आपल्या रिक्षांत येत नाही. तरी त्या भागीदारीचे धनी शेवटी आपणच. लोकशाहीची बाजू घेणारे आणि लष्करशहांशी करार करणारे सरकार एकच असले की बहुधा करार जिंकतो. त्याचे कारण तेलाच्या गरजेपेक्षा मालकीत अधिक आहे.

वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी भारताने १९४६ मध्ये व्यापार तोडला, तेव्हा निर्यातीचा सुमारे ५ टक्के वाटा गेला. पण सरकारला तिथे स्वतःची वखार सांभाळायची नव्हती. पुढे तेलाचा धंदाच सरकारी झाला. १९७६ मध्ये तुर्भ्याचा बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सरकारने घेतला. त्या नावातल्या ‘बर्मा’ला इतिहास आहे. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) थिबा राजाला पदच्युत केले, पुढे रत्नागिरीत आणून ठेवले, आणि १८८६ मध्ये बर्मा ऑइल कंपनी उभी राहिली. राज्य आणि तेल एका मुठीत आले की काय होते, हे ब्रह्मदेशाने तेव्हाच पाहिले.

म्यानमारच्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांना भारताने १९९३चा नेहरू पुरस्कार दिला. सप्टेंबर २००७ मध्ये भिक्खू लष्कराविरुद्ध रस्त्यावर असताना पेट्रोलियममंत्री, मुंबईचे मुरली देवरा, म्यानमारमध्ये ओएनजीसी विदेशच्या खोल समुद्रातल्या करारांना हजर होते. त्याआधी, २००३ मध्ये, यादवी युद्धावरून टीका झेलणाऱ्या कॅनडाच्या टॅलिस्मन या तेल कंपनीने सुदानमधला २५ टक्के हिस्सा विकला, तो ओएनजीसी विदेशनेच घेतला.

‘आपण सोडले तर चीन घेईल’ हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. सुदानमध्ये दुसऱ्याने सोडलेले घेणारे आपणच होतो. श्वेमध्ये आपण राहिलो, तरी वायू २०१३ पासून नळाने चीनलाच जातो. दुसरा आक्षेप गरजेचा: बहुतांश कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाला नीती परवडत नाही. पण १९४६चा भारत आजच्याहून गरीब होता. शिवाय तेल विकत घेणे वेगळे आणि विहिरीत भांडवल घालणे वेगळे. गिऱ्हाईक दुकान बदलू शकते. भागीदाराला दुकान चालू राहावेसे वाटते.

टॅलिस्मनला भागधारकांनी आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयातल्या दाव्याने जाब विचारला. २०२१च्या लष्करी उठावानंतर टोटल आणि शेव्हरॉन यांनी म्यानमार सोडण्याचे जाहीर केले. आपल्या कंपन्यांचा मुख्य भागधारक मात्र खुद्द सरकार. तळे राखणारा आणि पाणी चाखणारा एकच. संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती या कंपन्यांचे हिशेब तपासते. पैसा कुठे गुंतवला याबरोबरच तो कोणाच्या सोबत गुंतवला, हेही तिने करार होण्याआधी विचारायला हवे.