माथेरानची मिनी ट्रेन इतकी तीव्र वळणं कशी घेते?

मालदीवमध्ये ट्विन ऑटरसारखी छोटी विमानं थेट पाण्यावर उतरतात, कारण बहुतेक बेटांवर धावपट्टीला जागाच नाही. माथेरान मला डोंगरावरचं तसंच बेट वाटतं. गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढचं बरंचसं सामान घोड्यावर किंवा हमालाच्या पाठीवर जातं.

नेरळ-माथेरान हा सुमारे २१ किमीचा मार्ग पीरभॉय कुटुंबाने बांधला, १९०७ मध्ये सुरू झाला. रुळांमधलं अंतर फक्त २ फूट. ब्रॉडगेजच्या वळणाला किमान १७५ मीटर त्रिज्या लागते, इथे काही ठिकाणी जेमतेम १८ मीटर! ताठ आसाची चाकं तिथे अडकलीच असती.

म्हणून सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनांत क्लिन-लिंडनर रचना वापरली. टोकाच्या चाकांचा आस नळीसारखा पोकळ, आणि त्याच्या आत ताकद देणारा दुसरा आस. आतला सरळच राहतो, बाहेरची नळी मात्र थोडी तिरकी होते आणि चाकं वळणाबरोबर वळतात. सॉफ्टवेअरवाला असूनही मला हे डिझाइन भारी वाटतं. १९५० च्या दशकात जर्मन डिझेल इंजिनं आली.

कच्चा दुवा म्हणजे पाऊस. जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मार्ग पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९ मध्ये पुन्हा रूळ खचले, नेरळहून गाडी ऑक्टोबर २०२२ लाच सुटली. पावसाळ्यात नेरळची गाडी बंदच असते. तेव्हा जाणार असाल तर अमन लॉज-माथेरान शटलची वेळ आधी बघून घ्या.