आकडा

मराठीत आकडा म्हणजे संख्या, आणि आकडा म्हणजे वाकवलेली तार. पहिला मीटरवर असतो, दुसरा विजेच्या उघड्या तारेवर. मीटरवरचा आकडा विजेचा हिशेब ठेवतो आणि तारेवरचा आकडा तो हिशेब चुकवतो. नागपूरच्या कुठल्याही मोहल्ल्यात ‘आकडा टाकला’ म्हटलं की काय झालं ते लहान पोरालाही सांगावं लागत नाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे आले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मूळ शब्द संस्कृत अंक. त्याचा जुना अर्थ वाक, वळण, आकडी असा आहे. मूल घेऊन बसलं की मांडीला जो बाक येतो तोही अंक. वाकडी रेघ ओढून केलेली खूण म्हणजे अंक, आणि त्या खुणेवरून पुढे संख्या. हत्तीला वळवणारा अंकुश याच घराण्यातला. युरोपच्या भाषांत जहाजाच्या नांगराला, मासे धरायच्या गळाला आणि पायाच्या घोट्याला जे शब्द आहेत, त्यांतले काही याच मुळापासून फुटलेले. मराठीने अंकाला ‘डा’ जोडून आकडा केला आणि तो घरोघर वापरला. चिंचा आणि शेवगा पाडायची आकडी, शेळ्यांसाठी बाभळीची फांदी खाली ओढायची आकडी. उंचावरचं, हाताला न पोचणारं, आपल्याकडे ओढून घ्यायचं साधन. खांबावर वीज आली तेव्हा लोकांना नवा शब्द घडवावा लागला नाही. हातात आकडी होतीच, फांदीच्या जागी तार आली.

शब्दाला जमलं ते कायद्याला इतक्या सहज जमलं नाही. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३७८व्या कलमात चोरीची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम मालमत्ता, त्याच्या संमतीशिवाय, लबाडीने घेण्यासाठी हलवणं म्हणजे चोरी. कलमाखालची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. दुसऱ्याच्या जमिनीवरचं झाड घेऊन जाण्यासाठी तोडलं, की ते जमिनीपासून सुटतं त्याच क्षणी चोरी झाली. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावलं, की कुत्रं चालू लागताच चोरी झाली. खजिन्याची पेटी वाहणारा बैल भलत्या दिशेला हाकला, तरी तेच. झाड, कुत्रं, बैल: प्रत्येक वस्तू दिसते, हलते, जागेवरून जाते. जंगम मालमत्तेची व्याख्याच ‘मूर्त’ या शब्दापाशी सुरू होत होती. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या काळात रात्री तेलाचे दिवे लागत. त्यांना दोष कसा द्यायचा?

आता वीज घ्या. आकडा टाकला, दिवा लागला. कोणाच्या ताब्यातून काय गेलं? तार जागेवरच आहे, खांब जागेवरच आहे. पकडायला गेलं तर चोराच्या हातात काही नाही, आणि परत द्यायलाही काही नाही.

हा पेच एकट्या हिंदुस्थानचा नव्हता. इंग्लंडमध्ये १८५३ साली मीटर चुकवून नळीतून गॅस घेणाऱ्या माणसाचा खटला चालला आणि न्यायालयाने ती चोरी ठरवली. गॅस डोळ्यांना दिसत नसला तरी तो पदार्थ आहे, नळीत भरलेला असतो. पुढे १८८३मध्ये नळात आलेलं पाणीही चोरीला जाऊ शकतं असं तिथेच ठरलं. विजेच्या बाबतीत इंग्रजांनी निवाड्याची वाट पाहिली नाही. १८८२च्या वीजकायद्यातच लबाडीने वीज घेणं ही चोरी असं लिहून टाकलं. जर्मनीने वाट पाहिली आणि तिथे पंचाईत झाली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९९मध्ये सांगितलं की वीज ही ‘वस्तू’ नाही, म्हणून तिची चोरी होत नाही. मग १९०० साली खास कायदा करावा लागला. हॉलंडमध्ये हेग शहरातल्या एका दंतवैद्याने मीटर अडवून वीज वापरली होती. तिथल्या न्यायालयाने १९२१मध्ये नवा कायदा न मागता, वीज ही मालमत्ताच, असं म्हणून त्याला दोषी धरलं. एकच करामत, दोन शेजारी देश, दोन उत्तरं. मला जर्मन न्यायाधीशांचं उत्तर अधिक प्रामाणिक वाटतं. शिक्षा द्यायची असेल तर ती कायद्यात आधी लिहिलेली असली पाहिजे. शब्द ताणून माणसाला तुरुंगात घालू नये.

आपल्याकडे १९१०च्या भारतीय वीज अधिनियमाने इंग्रजी वाट धरली. त्याचं ३९वं कलम लहान आहे, पण आकड्याची खरी कुळकथा तिथे सुरू होते. लबाडीने वीज काढून घेणाऱ्याने दंड संहितेच्या अर्थाने चोरी केली असं ‘मानण्यात येईल’, असं ते सांगतं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या लोकांना ‘मानीव’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. ही मानीव चोरी. त्याच कलमाच्या पुढच्या भागात म्हटलं आहे की वीज काढून घेण्याचं कृत्रिम साधन सापडलं, तर तेच लबाडीचा सकृद्दर्शनी पुरावा समजावं. म्हणजे चोरलेली वस्तू कधीच सापडणार नाही हे कायद्याने ओळखलं आणि साधनालाच साक्षीदार केलं. दिव्यात जळून गेलेली वीज कोर्टात आणता येत नाही. आकडा आणता येतो.

मानीव चोरी आणि खरी चोरी यांतलं अंतर पुढे सर्वोच्च न्यायालयातही मोजलं गेलं. अवतार सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निवाडा १९६५च्या निवाडा-संग्रहात आहे. न्यायालय म्हणालं, वीज ही जंगम मालमत्ता नाही, म्हणून दंड संहितेच्या चोरीत ती मुळात बसतच नाही. गुन्हा आहे तो वीजकायद्याखालचा, आणि त्या कायद्याने ज्याला अधिकार दिला त्यानेच तक्रार करायला हवी. तशी तक्रार नव्हती, म्हणून शिक्षा रद्द झाली.

आजचं कलम १३५, विद्युत अधिनियम २००३. त्याच्या यादीत पहिलंच कृत्य आकड्याचं आहे: वरून जाणाऱ्या, जमिनीखालच्या किंवा पाण्याखालच्या तारेला जोडणी करणं. मीटरमध्ये फेरफार त्यानंतर येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दहा किलोवॉटपर्यंतच्या भारासाठी दंड पहिल्यांदा फायद्याच्या तिप्पट, दुसऱ्यांदा सहापट, आणि तोही किमान. तडजोडीची रक्कम भरून सुटता येतं, पण एकदाच. याच कलमात एक अट आहे: सूर्यास्त ते सूर्योदय राहत्या घराची झडती घ्यायची तर घरातला प्रौढ पुरुष हजर हवा. आकडे बहुधा तिन्हीसांजेलाच पडतात. तरीही रात्री एकट्या बाईच्या दारात भरारी पथक उभं राहू नये, हे ज्याने लिहिलं त्याने वस्तीतली रात्र पाहिली असावी.

नागपूरची गोष्ट इथे जवळ येते. कोराडी आणि खापरखेडा ही वीजकेंद्रं या शहराच्या अंगणातच आहेत. त्यांच्या चिमण्या लांबून दिसतात आणि तिथून निघालेल्या मोठ्या वाहिन्या शहराच्या कडेने जातात. मे २०११मध्ये सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग हे विभाग फ्रँचायझीकडे, स्पॅन्को नागपूर डिस्कॉमकडे गेले. सप्टेंबर २०१९मध्ये महावितरणने ते परत घेतले. या पद्धतीत फ्रँचायझी घाऊक वीज विकत घेते आणि ग्राहकांकडून बिल वसूल करते. मधली गळती कमी झाली तरच नफा. म्हणून या विभागांत तारेवरच्या आकड्याची किंमत ताळेबंदात उतरली. एकेक आकडा कुठल्याही मीटरवर दिसत नाही. फीडरवर किती युनिट आली आणि सगळ्या मीटरांची बेरीज किती, या वजाबाकीत तो दिसतो. त्या वजाबाकीला ‘हानी’ म्हणतात. तारा तापून गेलेली वीजही त्यातच, चोरलेलीही त्यातच.

उपाय तारेवरच झाला. उघड्या तारांच्या जागी पीळ दिलेली, वेष्टण असलेली एबी केबल आली. तिच्यावर आकडा अडकतो, पण त्याला धातू सापडत नाही. ज्या गल्लीत ही केबल लागली तिथे आकड्याचा हात रिकामा राहिला.

मला एक गोष्ट सलते. आकडा रस्त्यावरून दिसतो, म्हणून तो पकडला जातो. मीटरच्या डब्यात, कारखान्याच्या भिंतीआड केलेली करामत दिसत नाही. कायदा भार पाहतो: दहा किलोवॉटच्या वर दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर किमान सहा महिने कैद आहे. पण तिथवर पोचायला आधी दार उघडावं लागतं. ज्या वस्तीत जागेच्या कागदावरून नवं मीटर अडून राहतं, तिथे पावसाळ्यात ओल्या बांबूने २३० व्होल्टच्या तारेला आकडा लावणारा माणूस दिव्यासाठी जीव टांगणीला लावतो. टिनाच्या छपरावरून लोंबणारी ती वायर शेजारच्या पोराच्याही हाताला लागते. चोरी ती चोरीच. पण या चोरीत चोरच मरतो.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातल्या जंगम मालमत्तेच्या व्याख्येतून ‘मूर्त’ हा शब्द वगळला आहे. १८६०मध्ये जो शब्द आडवा आला, तो गेला. वीजचोरीला मात्र अजूनही वीजकायद्याचंच कलम लागतं आणि पंचनामा जुन्याच पद्धतीने होतो. वायर खांबावरून उतरवली जाते, तिची लांबी लिहिली जाते, टोकाचा वाकवलेला भाग तसाच ठेवून ती गुंडाळतात, पंचांच्या सह्यांचा कागद लावून लाखेने बंद करतात. मुद्देमाल म्हणून कोर्टात जातो तो एवढाच.