घोड्याच्या दाण्यात तेल : किती, कोणतं आणि कसं द्यावं?

मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या. नागपुरातले टांगेही जवळपास संपले. आता घोडा उरला तो मुख्यतः वरातीपुरता. या भागात घोडा बाळगायचा म्हणजे चारा आणि दाणा विकतच घ्यावा लागतो. आपल्या समाजातल्या ज्या कुटुंबांचा चरितार्थ या मुक्या जनावरावर चालतो, त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

दाणा वाढवण्यात धोका काय?
लग्नसराईत घोडा खंगला की आपण तोबऱ्यातलं चण्याचं आणि जवाचं माप वाढवतो. घात इथेच होतो. घोड्याचं जठर लहान असतं. दाण्यातला जास्तीचा स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे आंबतो. त्यातून पोटशूळ होतो, खुरांचा दाह होतो. यात घोडा दगावूही शकतो.

तेलात स्टार्च नसतो. वजनाला वजन धरलं तर तेलात दाण्याच्या दुपटीहून जास्त ताकद असते. 100 मिली तेल म्हणजे साधारण पाव किलो दाणा. शिवाय तेल पचताना अंगात उष्णता कमी तयार होते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा हा फायदा मोठा आहे.

किती द्यायचं?
घोड्याला पित्ताशय नसतं, तरीही सवय लागली की तो तेल चांगलं पचवतो. 300 किलोच्या घोड्याला रोज 30 मिलीपासून सुरुवात करा. दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत दोन-तीन आठवड्यांत 150 मिलीवर या. 300 मिलीच्या वर जाऊ नका. दोन वेळच्या दाण्यात वाटून, नीट कालवून द्या. लीद पातळ किंवा तेलकट झाली तर माप कमी करा. तीन-चार आठवड्यांत अंगावर चकाकी दिसते, वजन भरायला त्याहून जास्त वेळ लागतो.

कोणतं तेल?
सोयाबीनचं किंवा भाताच्या कोंड्याचं तेल चालतं. आपल्या विदर्भात पिकणाऱ्या जवसाचं तेल तर उत्तमच, त्यात ओमेगा-3 भरपूर असतं. तळणीचं उरलेलं किंवा खवट वास येणारं तेल मात्र कधीच देऊ नका. रोज तेल द्यायचं असेल तर सोबत ई जीवनसत्त्व किती द्यावं, हे डॉक्टरांना विचारा.

हे लक्षात ठेवा
- तेलात प्रथिनं नाहीत, क्षार नाहीत, तंतूही नाहीत. 300 किलोच्या घोड्याला रोज पाच-सहा किलो सुका चारा आणि भरपूर पाणी हवंच.
- घोडा बारीक असेल तर आधी दात आणि जंत तपासून घ्या. नाहीतर तेलाचा खर्च वाया जातो.
- लठ्ठ घोड्याला तेल नको. पूर्वी खुरांचा दाह झालेल्या घोड्याला डॉक्टरांना विचारूनच द्या.
- पोट दुखतंय म्हणून बाटलीने किंवा नळीने तेल पाजू नका. ते फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

घोडा लोळू लागला, वारंवार पोटाकडे वळून पाहू लागला किंवा लीद थांबली, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच पशुवैद्यकाला बोलवा. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जवळच्या डॉक्टरांचा नंबर आजच तबेल्याच्या दारावर लिहून ठेवा.