शिपाई-कवी कामोईंश

जयपूरचे जंतरमंतर पाहताना फारच थोड्यांच्या ध्यानी येते की, हे शहर १७२७ च्या सुमारास वसत होते तेव्हाच महाराजा सवाई जयसिंगांनी ज्योतिषाच्या ओढीने एक मंडळ थेट पोर्तुगालला धाडले होते. आम्हा मराठी मंडळींची त्या देशाशी ओळख मात्र वसईच्या वेढ्यापलीकडे सहसा जात नाही. त्याचा सर्वश्रेष्ठ कवी आमच्या गोव्यात राहून गेला, हे सांगितले की येथील स्नेही चकित होतात.

लुईश द कामोईंश १५५३ साली गोव्यात उतरला तो स्वखुशीने नव्हे. आफ्रिकेतील लढाईत त्याचा उजवा डोळा गेला होता. पुढे लिस्बनमध्ये राजाच्या एका सेवकावर वार केल्यामुळे तुरुंगवास घडला, आणि पूर्वेकडे चाकरी करण्याच्या बोलीवर क्षमा मिळाली. (बदलीच्या हुकमावर कुरकुरणाऱ्या आम्ही हे लक्षात ठेवावे.) मेकाँगच्या मुखाशी त्याचे जहाज फुटले, काव्याचे हस्तलिखित तेवढे वाचले. त्याची पहिली छापील कविता निघाली तीही गोव्यातच, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या औषधींवरील ग्रंथात. परतीच्या वाटेवर मोझांबिकला तो कफल्लक होऊन अडकला, तेव्हा मित्रांनी पैसे भरून त्याची सुटका केली.

वास्को द गामाच्या सफरीवरील त्याचे दहा सर्गांचे महाकाव्य, 'लुसिआदश', १५७२ साली लिस्बनला प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी आमच्या नाथांनी काशीस एकनाथी भागवत पुरे केले.

हे काव्य जेत्यांचे. जित पक्षात आम्ही. म्हणून ते बाजूस सारावे, असे आम्हांसही वाटत असे. येथील देवळांतल्या मूर्ती त्याला विद्रूप दिसतात, आणि मुसलमानांविषयीचा त्याचा आकस तर लपतच नाही. परंतु चौथ्या सर्गात गामाची गलबते निघत असता किनाऱ्यावरील एक वृद्ध त्या कीर्तिलोभालाच शाप देतो. दहाव्या सर्गात गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कची थोरवी गाता गाता, एका शिपायास त्याने दिलेल्या देहान्त शिक्षेचा कवी निषेध करतो. ज्याच्या अंगावर सरकारी चाकरीचा पोशाख चढला आहे त्यास हे लिहिणे किती जड गेले असेल, ते आम्हांस सांगावयास नको.

राजाने त्यास वार्षिक १५,००० रेइश तनखा दिला. १० जून १५८० रोजी तो वारला. तो दिवस पोर्तुगालात राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. जुन्या गोव्यात १९६० साली त्याचा पुतळा उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. तो पुतळा आता तेथील संग्रहालयात आहे.