बहुरूप प्रकार आणि संदेशाचा करार : सोप-सेवांच्या इतिहासातील एक प्रकरण

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बजाजनगर ही वस्ती ज्या वाळूज औद्योगिक क्षेत्रालगत वाढली, तेथील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन १९८५ साली झाले. या कारखान्यातून दुचाकी निघतात, तशाच तीनचाकीही. दोहोंना ‘वाहन’ म्हणण्यास कोणाची हरकत नसावी. आता उदाहरणादाखल अशी कल्पना करू की, एखादा कारखाना आपल्या वितरकास संगणकाद्वारे वाहनांची यादी पाठवीत आहे. यादीचा घोषित प्रकार ‘वाहन’ एवढाच. प्रत्यक्ष घटक मात्र कोठे मोटारसायकल, तर कोठे रिक्षा. पाठविणाऱ्याच्या यंत्रात हा भेद स्मृतीतच नोंदलेला असतो. तारेवरून मात्र केवळ अक्षरे जातात. स्वीकारणाऱ्याने रूप ओळखावे कसे?

बहुरूपतेचा शास्त्रीय विचार यापूर्वीच झालेला होता. ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ च्या व्याख्यानांत तिचे दोन भेद सांगितले, आणि कार्डेली व वेगनर यांनी १९८५ मध्ये वारशाने येणाऱ्या बहुरूपतेस त्या वर्गीकरणात स्थान दिले. परंतु हे सारे विवेचन एका आज्ञावलीपुरते होते. दोन परक्या यंत्रांचा प्रश्न त्यात नव्हता.

तो सोपमुळे उभा राहिला. सोप १.१ ची टिप्पणी मे २००० मध्ये प्रसिद्ध झाली. एक्सएमएल स्कीमास मात्र अंतिम मान्यता मे २००१ मध्ये मिळाली. या एका वर्षाच्या अंतरास मी विशेष महत्त्व देतो. प्रकार सांगण्याची सर्वमान्य भाषा पुरी सिद्ध नसल्याने सोपच्या कर्त्यांनी पाचव्या विभागात स्वतःची संकेतनपद्धती घातली, आणि बहुरूप घटकावर त्याचा खरा प्रकार सांगणारे ‘एक्सएसआय:टाइप’ हे विशेषण असलेच पाहिजे, असा स्पष्ट दंडक घातला. पुढे निरनिराळ्या साधनांचे या संकेतनाविषयी एकमत होईना. २००४ च्या डब्ल्यूएस-आय मूलभूत संहितेने ते वर्ज्य ठरविले. विशेषण मात्र टिकले, कारण ते मुळात स्कीमाचे होते.

तरीही अडचण सुटली नाही. सेवेच्या वर्णनात कार्याचे फलित ‘वाहन’ असे लिहिले, तर त्यावरून ‘रिक्षा’ हा प्रकार साधनास आपोआप कळत नाही. म्हणून डॉटनेटमध्ये ‘एक्सएमएल-इन्क्लूड’, पुढे ‘नोन-टाइप’, आणि जावामध्ये ‘एक्सएमएल-सी-ऑल्सो’ अशा घोषणा लिहून प्रत्येक उपप्रकाराचे नाव आधीच द्यावे लागे. घोषणा राहिली की संदेश बांधतानाच दोष निघे. पुष्कळ जण हा साधनांचा उणेपणा मानतात. माझ्या मते तो वस्तुस्थितीचाच भाग आहे. दारी येणारा बहुरूपी न सांगता ओळखला जातो, कारण त्याची सोंगे गावाला आधीच ठाऊक असतात. ग्राहकाच्या आज्ञावलीस अपरिचित असलेला उपप्रकार, विशेषणासह आला तरी, निरर्थक अक्षरांचा पुंजच होय. सारांश, आज्ञावलीत खुली असणारी वारसापरंपरा कराराच्या पातळीवर बंद होते. नवे वाहन आले की करार नव्याने द्यावा लागतो. तेव्हा ‘चॉइस’ या रचनेने सर्व पर्याय उघड लिहिणे, दिसावयास ओबडधोबड असले तरी, अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

नंतरच्या काळात पुष्कळ सेवांनी सोप सोडून जेसन पत्करले. त्यात असे विशेषणच नाही. म्हणून २०१४ च्या स्वॅगर २.० मध्ये ‘डिस्क्रिमिनेटर’ नावाच्या क्षेत्राची योजना करावी लागली.